सैफ अर्बाबला अजून खबर नाही

सीह-घाफ, ११ डिसेंबर २०१५

अहो,

खबर काही नाही. सगळं ठीक.

इथल्या लोकांसारखी सुरुवात केली म्हणून कागद बाजूला टाकू नका. तुम्ही फोन उचलत नाही. लावला की जाऊबाई म्हणतात, ‘भावजी कलमांकडे गेलेत.’ एवढी कलमं आपल्या वाटणीला कधी आली ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून लिहिते. चौथीनंतर पेन धरलं ते गिऱ्हाइकांची मापं लिहायला, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

पत्र नूरुद्दीनभाईंच्या हाती देतेय. तेच समुद्रकाठच्या खाबुऱ्याचे, सिनावच्या बाजाराला सुकी मासळी घेऊन येतात ते. ते दाभोळला घरी चाललेत. फेरीबोटीतून पलीकडे उतरून तुमच्या हातात देईन म्हणाले. तेव्हा मिळालं नाही म्हणायची सोय नाही.

जाताना तुम्ही म्हणालात, ‘चल तर चल, नाहीतर बस तुझ्या रेतीत.’ बसलेय. दुकान उघडं आहे. बायकांचं शिवण पहिल्यासारखंच आहे, तोंडावरच्या मुखवट्यासारख्या बुर्क्यांना उसंत नाही. तुमच्या मशीनवर कापड घातलंय. तेल द्यावं लागतं म्हणून देते, नाहीतर गंजेल. दुसरं काही कारण नाही.

त्या दिवसाबद्दल आपण धड बोललोच नाही. तुम्ही घुम्यासारखे बसलात आणि मी भांडी आपटली. तेव्हा मला काय दिसलं ते आता सांगते. मी मजलिसच्या, म्हणजे त्या मोठ्या बैठकीच्या दारामागे बायकांत होते.

आपले मालक, सैफ अर्बाब, डोळ्यांचं ऑपरेशन करून मस्कतहून परत आले होते. सगळं गाव भेटायला जमलं होतं. म्हातारा बसला, सगळ्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, ‘काय खबर?’ ते म्हणाले, ‘खबर नाही, देवाची कृपा.’ मग त्यांनी विचारलं, ‘तुमची काय खबर?’ सगळे म्हणाले, ‘खबर नाही.’ आणि तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की ते मस्कतला असताना फलज बंद पडला. जमिनीखालचा पाट कुठेतरी आत ढासळला आणि डोंगराकडून येणारं पाणी थांबलं. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं पाणी, आणि पाटाच्या अगदी शेवटी सैफ अर्बाबची खजुरीची बाग. सगळ्यात आधी वाळायला लागली ती त्यांचीच झाडं.

कहव्याचा पहिला पेला म्हाताऱ्याच्या हातात होता. ओठाला लागला नव्हता. आणि तुम्ही उठून म्हणालात, ‘अर्बाब, फलज खलास. पाणी नाही.’

एवढंच. पण म्हाताऱ्याने भरलेला पेला खाली ठेवला आणि उठून आत गेला. इथे भरलेला पेला तसाच खाली ठेवणं म्हणजे समोरच्याशी संबंध तोडणं, ते तुम्हालाही माहीत आहे.

तुम्हाला वाटलं, हे सगळे मिळून आंधळ्या माणसाला फसवतायत. त्यांच्या झाडांना रोज संध्याकाळी पिकअपमधून पिंपं नेऊन पाणी घालणारे तुम्हीच होतात, म्हणून तुम्हाला ते जास्त लागलं. मला हे कळतं. पण त्यांना कसं कळणार? तुम्ही कधी सांगितलंत?

त्यानंतर गावाने तुम्हाला काही केलं का? शिवी दिली? काम काढून घेतलं? नाही. फक्त तुम्ही मजलिसमध्ये आलात की ‘काय खबर?’ विचारायचं बंद केलं. सगळ्यांना विचारायचे, तुम्हाला सोडून. एवढ्यावर तुम्ही पेटी भरलीत.

झाडांना पाणी मी घालते आता. कमरेचं बघते माझ्या मी.

जयवंती


सीह-घाफ, २४ जानेवारी २०१६

अहो,

खबर काही नाही.

नूरुद्दीनभाई म्हणाले, पत्र हातात दिलं, तुम्ही वाचलंत, घडी घालून खिशात ठेवलीत आणि त्यांना भाकरी वाढलीत. उत्तर दिलं नाहीत. बरं. मासे कसले होते तेही त्यांनी सांगितलं, तेवढंच समजलं तुमच्याबद्दल.

मी मधे उर्वीकडे मस्कतला, दार्सैतला जाऊन आले. पोरगी मागे लागलीय, ‘आई, तिथे एकटी काय करतेस, इथे ये, देऊळ आहे, आपली माणसं आहेत.’ देवळात गेले. आपली माणसं पुष्कळ. एकाने तरी विचारलं का, बाई तू कोण, कुठून आलीस? जावई भला आहे पण सारखा फोनमध्ये. शेजारच्या ब्लॉकमधली बाई रत्नागिरीची, दोन वर्षं राहतेय, उर्वीला तिचं नाव माहीत नाही. उर्वी म्हणाली, ‘आई, इथे असंच असतं, प्रायव्हसी.’ मी म्हटलं, ‘आमच्याकडे टायर पंक्चर झालं तर कुणाचं झालं ते आवाजावरून कळतं.’ ती म्हणाली, ‘म्हणूनच बाबा पळाले.’

पोरीला थप्पड द्यावीशी वाटली, पण जावयासमोर कशी देणार. दुसऱ्या दिवशी परत आले.

तुम्ही म्हणाला होतात, या गावाला ना आगा ना पिछा. पेट्रोलपंप, चहाची टपरी, शिंपी, न्हावी आणि रेती. मलाही पहिली कितीतरी वर्षं तेच वाटायचं. पण तुम्ही पुरुषांचे पायघोळ डिशडाशे शिवले. पुरुष माप देतात आणि जातात. माझ्याकडे बायका बुर्का शिवून होईपर्यंत बसतात. अर्बाबची बायको शमसा तर दुपारभर बसते, कापड नसलं तरी. आता ऐका.

पेट्रोलपंप आहे ना, तिथे आधी उंट बसायचे. त्याच्या मागचं घाफचं झाड, ज्याच्याखाली तुम्ही पिकअप लावायचात, त्याच्या सावलीत माल उतरायचा. इथून खजूर समुद्राकडे जायचा, समुद्राकडून सुकी मासळी आणि मीठ यायचं. म्हणजे नूरुद्दीनभाई आज करतात तेच, फक्त उंट जाऊन टोयोटा आली. टेकाडावरचं मातीचं जुनं गाव, जिथे आता बकऱ्या बसतात, तिथे एक दरवाजा होता. सूर्य बुडाला की बंद. आत बागायतवाले राहायचे, ज्यांचा फलज. बाहेर वाळूतले बेदू तंबू ठोकायचे. एकमेकांशिवाय चालायचं नाही आणि एकमेकांवर विश्वास नाही. पुढे डांबरी रस्ता आला, तेव्हा सगळं गाव टेकाडावरून उतरून रस्त्याकाठी येऊन बसलं. दरवाजा वर राहिला. फळ्या कुणीतरी जाळल्या, चौकट आहे अजून.

त्या चौकटीतून शमसाचा आजोबा आत आला होता. तो बेदू. उन्हाळ्याचे दिवस, ओठ फुटलेले, उंटीण मेलेली. सैफ अर्बाबच्या आजोबाने त्याला बसवलं. विचारलं, ‘काय खबर?’ तो म्हणाला, ‘खबर नाही.’ खजूर दिला, कहवा दिला. पहिला पेला, दुसरा, तिसरा. मग त्याने पेला हलवून पुरे सांगितलं आणि बोलला, ‘विहिरीवर भांडण झालं. तुझा चुलतभाऊ माझ्या हातून मेला.’

मी शिवताना सुई बोटात घालून घेतली. म्हटलं, ‘मग?’

शमसा म्हणाली, ‘मग काय? घरचा कहवा त्याच्या पोटात गेला होता. आता मारणार कसा?’

बसले दोघं. मोठी माणसं बोलावली, बोलणी झाली, उंट दिले-घेतले, आणि शेवटी तो इथेच राहिला. त्याच्या नातीचं लग्न याच्या नातवाशी झालं. ती शमसा आणि हे आपले अर्बाब. तिच्या बुर्क्याचं नाक बाकीच्या बायकांपेक्षा लांब कापावं लागतं, ते तिच्या माहेरच्या लोकांची कापणी आहे म्हणून. मी इतकी वर्षं तो कापतेय आणि मला वाटायचं बाईचं नाकच मोठं आहे.

तर सांगायचं हे, की ही कहव्याची रीत म्हणजे नखरा नाही. तो माणूस दारातच खबर बोलला असता तर दारातच मेला असता, पुढे अजून दहा मेले असते, आणि तुम्ही जिथे वीस वर्षं दुकान थाटलंत ते गावच झालं नसतं. हे गाव उशिरा सांगितलेल्या खबरीवर उभं आहे. तुम्ही तिथे उभ्या उभ्या खबर सांगितलीत.

तुमच्या जागी मी असते तर मीही सांगितली असती, तुमच्याही आधी. माझ्या जिभेला हाड नाही हे तुम्हीच म्हणता. पण मी पेटी भरली नसती.

झाडं तग धरून आहेत. टोकाची दोन गेली.

जयवंती


सीह-घाफ, १८ मार्च २०१६

अहो,

खबर काही नाही. आधी एक पेलाभर चहा प्या, मग पुढचं वाचा.

प्यायलात? बरं.

पाऊस झाला. असा की वाडी, ती एरवी कोरडी पडलेली नदी, दुथडी भरून गेली आणि सिनावचा रस्ता बंद. आपल्या दुकानात पायरीपर्यंत पाणी आलं, कापडं वर टाकली, मशीन एकटीने उचलून टेबलावर ठेवलं. तुमचंही. उर्वीचा फोन, ‘आई, तू सेफ आहेस ना?’ म्हटलं, मी आहे, पायऱ्यांचं सांगता येत नाही.

पोरांनी आणि बांगलादेशी मजुरांनी ढासळलेला पाट महिनाभर उपसत आणलाच होता. डोंगरात पाऊस मुरला, आणि परवा सकाळी फलजला पाणी आलं. आधी गढूळ, चहासारखं. मग स्वच्छ. बायका घागरी घेऊन नाही, नुसत्या पाय बुडवायला धावल्या. मीही गेले. म्हातारीकोतारी माणसं पाटाकाठी बसून रडत होती आणि मी साडी वर धरून उभी. पाणी अर्बाबच्या बागेपर्यंत पोचलं तेव्हा कुणीतरी बंदुकीचा बार काढला.

आता गंमत ऐका. गंमत कसली, डोक्याला ताप.

दुपारी सगळे मजलिसला गेले, अर्बाबला सांगायला. बसले, ‘काय खबर?’ झालं, कहवा झाला. मग त्यांच्या पुतण्याने, सुलेमानने, अगदी रीतीने तोंड उघडलं, ‘काका, फलज…’ तर म्हाताऱ्याने हात वर केला. ‘फलजची खबर मला नको.’

‘काका, पाणी तुमच्या झाडात आहे.’

‘मला खबर नाही.’

‘बार ऐकला नाही का?’

‘कुणाचं लग्न असेल.’

म्हातारा कालपासून मशिदीला जाताना पाटाकडची वाट सोडून पेट्रोलपंपाला वळसा घालतो. नमाजाआधी त्या पाण्याने हातपाय धुऊन वजू करतो, त्या पाण्याचा चहा पितो, आणि विचारलं की म्हणतो, ‘फलज? तो तर बंद आहे. मला तसंच सांगण्यात आलंय.’

सुलेमान म्हणतो, ऑपरेशनचा परिणाम. शमसा म्हणते, ‘डोळे चांगले आहेत, माझ्या ओढणीवरचा डाग दिसतो त्यांना.’ मला विचाराल तर म्हातारा हट्टी आहे. पण कशाचा हट्ट ते कळत नाही. मी पिंपं न्यायची थांबवली. कंबर धरली होती ती सुटली.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलात. सहा महिने बाहेर राहिलं की व्हिसा खलास, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी आठवण करत नाही. लिहिलं म्हणून लिहिलं.

नूरुद्दीनभाईंचा भाऊ कासम परवा विमानाने चाललाय, त्याच्या हाती देते.

जयवंती


सीह-घाफ, १५ एप्रिल २०१६

अहो,

खबर काही नाही.

तुमची चिठ्ठी कासमने आणून दिली, आमसुलांच्या पिशवीत घातलेली. पाच महिन्यांनी नवऱ्याचं अक्षर बघितलं. मी कशी आहे? दुकान? कंबर? एक शब्द नाही. ‘म्हाताऱ्याचे डोळे कसे आहेत?’ एवढीच ओळ, खाली सही. बायकोला कुणी सही करतं का? मी ती चिठ्ठी चुलीत घालणार होते. घातली नाही, आमसुलांबरोबर ठेवली.

मग चप्पल घातली आणि अर्बाबच्या घरी गेले. म्हातारा अंगणात बसला होता, शमसा खजूर निवडत होती. मला बघून म्हणाला, ‘ये उम्म उर्फी. काय खबर?’

उर्वीची आई ती उम्म उर्फी, बाप तो अबू उर्फी, ‘व’ काही त्यांना अजून जमत नाही. माझ्या तोंडात आलेलं सगळं मी गिळलं. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण गिळलं. म्हटलं, ‘खबर नाही. देवाची कृपा.’

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. मग हसला. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा दारातच खबर न ओकता थांबले होते. शमसाला म्हणाला, ‘कहवा आण, हिच्याकडे मोठी खबर आहे.’

पहिला पेला. दुसरा. माझा पाय हलत होता, शमसाने गुडघ्यावर हात ठेवला. तिसरा झाला, पेला हलवला, आणि म्हटलं, ‘अबू उर्फीची चिठ्ठी आली. तुमचे डोळे कसे आहेत विचारतो.’

‘अजून काय?’

‘काही नाही. माझीही चौकशी नाही.’

म्हाताऱ्याने हातातला खजूर परत शमसाच्या ढिगात ठेवला. मग म्हणाला, ‘मी मस्कतहून आलो तेव्हा माझ्या झाडांच्या बुडाशी ओल होती. फलज बंद असताना ओल कुठून आली, हे मला कुणी सांगितलं नाही.’

म्हटलं, ‘तो सांगणारा नाही. नको ते सांगतो, हवं ते पोटात ठेवतो.’

‘ओलीचं मला उशिरा कळलं. तो गेल्यावर. रोज संध्याकाळी तू पिंपं घेऊन यायला लागलीस तेव्हा.’ मग म्हणाला, ‘सगळ्या गावासमोर मी त्याच्या तोंडावर भरला पेला खाली ठेवला. आता माझ्या घरात एक पेला अडकून पडलाय.’

शमसा म्हणाली, ‘मग सरळ सांग ना हिला, ये म्हणावं.’

म्हातारा तिच्यावर खेकसला, ‘माझ्या गावातून उठून गेलेल्या माणसाला मी ये म्हणू? मी काय त्याचा सासरा?’ मग माझ्याकडे वळला. ‘त्याला लिही. डोळे चांगले आहेत. सगळं दिसतं. पण फलज मी अजून बघितलेला नाही. पाणी गेलं हे मला ज्याने सांगितलं, पाणी आलं हेही त्यानेच सांगायचं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ऐकणार नाही. चांगली खबर आणणाऱ्याला इथे भेट द्यायची रीत आहे, ती माझ्याकडे तयार आहे.’

‘आणि तो आलाच नाही तर?’

‘तर मी पेट्रोलपंपाला वळसा घालून चालेन. मरेपर्यंत. किती चालायचंय आता.’

गावभर झालंय हे. सुलेमान सकाळी विचारतो, ‘उम्म उर्फी, आला का? काकाच्या चपला झिजल्या.’ मजलिसमध्ये तुमची जागा रिकामी ठेवतात. बायका बुर्क्याचं माप द्यायला येतात आणि आधी विचारतात, अबू उर्फीची काय खबर. बघा, विचारायला लागले.

आता कान देऊन वाचा. तिकीट उर्वी काढतेय, तिला मीच सांगितलं. तारीख व्हिसा संपायच्या आधीची आहे. मस्कतला उतरलात की दार्सैतला एक रात्र झोपा, आणि सकाळी सिनावच्या गाडीत बसा. घाफच्या झाडाशी उतरलात की घरी येऊ नका. माझ्याकडे नंतर. सरळ मजलिसमध्ये जा, पेटीसकट. सगळे उठून भेटतील, भेटा. बसा. विचारतील, काय खबर? म्हणायचं, खबर नाही. पाट बाहेर दिसत असला, पाण्याचा आवाज येत असला, तरी खबर नाही. खजूर खा. पहिला पेला घ्या, दुसरा, तिसरा. पेला हलवा. म्हाताऱ्याच्या डोळ्यांकडे बघा. मग सांगा.

सांगून झालं की तो उठेल आणि काठी घेऊन पाटाकडे चालायला लागेल, गाव त्याच्या मागे. तुम्ही त्याच्या बाजूने चाला, काठी कच्ची आहे त्याची.

मी दुकानात असेन. तुमच्या मशीनवरचं कापड काढलंय. उगाच, धूळ बसते म्हणून.

आणि मला विचाराल, तर खबर काही नाही. आधी या.

जयवंती